ओतशाळेचें दप्तर व वसईच्या घंटा

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत धर्मग्रामाच्या स्थापनेचा वृत्तांत येतो, आजवर होऊन गेलेल्या धर्मगुरूंची नामावळि येते, वेदीची, सणांची व शाळेची हकीकत येते. घंटेविषयीं मात्र बहुधा एकच ओळ असते, आणि तीहि 'मधुर आवाजाची' एवढ्या विशेषणावर संपते. वास्तविक पाहतां ख्रिस्तमंदिरांतील सर्व वस्तूंमध्यें घंटा हीच अशी वस्तु आहे कीं, जिच्या अंगावर तिचें जन्मसाल बहुधा ओतलेलेंच असतें. भिंती पुन्हां बांधल्या जातात, मूर्तींना नवा रंग चढतो, लांकडी वेदीला वाळवी लागते, कागद आपल्या पावसाळ्यांत कुजून जातात. घंटेवरील आंकडे मात्र जसेच्या तसे राहतात. वसईकरांना या गोष्टीचें महत्त्व इतरांहून अधिक वाटलें पाहिजे. कारण आपल्या पूर्वजांच्या कित्येक घंटा आज आपल्या मनोऱ्यांत नाहींत. त्या नाशिकास, मेणवलीस, भीमाशंकरास आणि पालीस टांगलेल्या आहेत.

त्यांची कथा सांगण्यापूर्वीं ओताऱ्याच्या धंद्याविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. कारण इतिहासाचें एक मोठें साधन या धंद्याच्या हिशेबांत दडलेलें असतें, आणि तिकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं.

घंटा काय किंवा कांशाचा पुतळा काय, तो ओतविणारा ग्राहक एक आणि ओतणारा दुसरा. ग्राहकाची मागणी आली म्हणजे कारखानदार आपल्या वहींत लिहून ठेवतो: मागणी कोणाची, कोणत्या मनोऱ्यासाठीं, जुनी फुटकी घंटा मोडींत घेतली असल्यास तिचें वजन किती, नव्या घंटेचें वजन किती, तोंडाचा व्यास किती, स्वर कोणता, अंगावर कोणतीं अक्षरें घालावयाचीं, भाव काय ठरला, माल कोठें पोहोंचता करावयाचा. धर्मग्रामाची वही हरवली तरी कारखानदाराची वही शाबूत असेल, तर शंभर वर्षांनंतरहि त्या गांवच्या लोकांनीं किती पैसा उभा केला व काय मागितलें हें कळतें. इंग्लंडांत लफबरो येथील टेलर घराण्याचा घंटा ओतण्याचा कारखाना प्रसिद्ध आहे. या घराण्याचा धंदा १७८४ पासूनचा, आणि लफबरो येथें त्यांचें बस्तान १८३९ पासून. पुण्याच्या पंचहौदावरील पवित्र नाम देवळाच्या आठ घंटा १८९३ सालीं तेथेंच ओतल्या गेल्या, आणि कुलाब्याच्या सेंट जॉन देवळाच्या, ज्याला मुंबईकर अफगाण चर्च म्हणतात त्याच्या, आठ घंटा १९०४ सालीं. हीं दोन्ही मंदिरें आपल्या पंथाचीं नव्हेत. परंतु हिंदुस्थानांतील घंटांचा जन्मवृत्तांत समुद्रापलीकडच्या एका कारखान्याच्या संग्रहांत शोधतां येतो, हें दाखविण्यास तीं पुरेशीं आहेत. लंडनच्या व्हाइटचॅपलचा कारखाना त्याहून पुष्कळ जुना, १५७० पासूनचा मानला जाणारा. तो २०१७ सालीं बंद पडला.

पुतळ्यांचीहि गोष्ट अशीच आहे. सासवण्याचे शिल्पकार विनायकराव करमरकर यांनीं पुण्यासाठीं केलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा १९२८ सालीं उभा राहिला. तो ओतला गेला मुंबईस माझगांवच्या गोदींत, म्हणजे जेथें जहाजांचीं कामें होत तेथें. करमरकरांचें नांव सर्वांच्या तोंडीं आहे, आणि तें योग्यच आहे. परंतु भट्टीजवळ उभें राहून तांबडालाल रस सांच्यांत सोडणाऱ्यांची नांवें कोणाला ठाऊक आहेत? शिल्पकाराचें नांव चौथऱ्यावर राहतें. ओताऱ्याचें राहिलें तर त्याच्या कारखान्याच्या वहींतच राहतें.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं.

१५३४ च्या डिसेंबरांत गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें तह करून वसई पोर्तुगीजांच्या हवालीं केली, आणि पुढील दोनशें वर्षें ती त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. किल्ल्याच्या तटाच्या आंत येशूसंघीयांचें, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन व ऑगस्टिनियन संघांचें अशीं मंदिरें व मठ उभे राहिले, आणि सेंट जोसेफचें मुख्य मंदिर या सर्वांत मानाचें होतें. त्याच्या दारावरील शिलालेखांत १६०१ सालीं आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या कारकीर्दींत तें मंदिर नव्यानें सजविल्याचें लिहिलें आहे. तटाच्या बाहेर सांडोर, पापडी, रमेदी, निर्मळ, आगाशी, नंदाखाल, माणिकपूर अशी धर्मग्रामांची मालिका होती. ज्यांच्या मनोऱ्यांचे सांगाडे आज गवतांत उभे आहेत, त्या सर्वांस घंटा लागत होत्या. दिवसांतून तीन वेळां देवदूताच्या प्रार्थनेची घंटा, मिस्साची घंटा, कोणी वारल्यास मृत्यूची घंटा. घड्याळें नव्हतीं त्या काळीं शेतकऱ्याचा व कोळ्याचा दिवस या नादानेंच मोजला जाई. नवी घंटा मनोऱ्यावर चढविण्यापूर्वीं बिशप तिला पवित्र पाण्यानें धूत, बाहेरून सात वेळां व आंतून चार वेळां पवित्र तेलाचा अभ्यंग करीत, आणि तिला एखाद्या संताचें नांव देत. म्हणूनच आपले वडीलधारे 'घंटेचा बाप्तिस्मा' असा शब्द वापरीत.

या घंटा ओतणार कोण? पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील राज्यांत ओतकामाचें मोठें केंद्र गोवें. राजाच्या गोदीजवळील ओतशाळेंत मुख्यतः तोफा होत, आणि तेथील प्रमुख ओतारी पेद्रु दियश बुकारु हा होता. त्याचा मुलगा मानुएल तावारिश बुकारु हा १६२५ च्या सुमारास चीनच्या किनाऱ्यावरील मकाव येथें गेला व तेथें त्यानें ओतशाळा चालविली. तेथें तोफा झाल्या, घंटाहि झाल्या. आणि हा ओतारी पुढें मकावचा राज्यपाल होण्यापर्यंत चढला. आपल्या इकडे ओताऱ्याला एवढा मान कधीं मिळाला नाहीं! मकावच्या भट्टीला तांबें येई जपानांतून, नागासाकीच्या व्यापारानें. त्याच नागासाकीस आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनीं ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं क्रूसावर प्राण दिले. पुढें पोर्तुगीजांना जपान बंद झाला, तरी डच लोक जपानी तांबें सुरतेस आणून विकीतच राहिले. पश्चिम किनाऱ्यावरील भट्ट्यांत तें दीर्घकाळ वितळत होतें. कथील मलायाच्या बाजूनें येई. वसईच्या मनोऱ्यांतील एखादी घंटा गोव्यास ओतली गेली असें म्हटलें, तरी तिच्या अंगांत तीन देशांची माती असे.

बुकारु घराण्यानें आपलें नांव तोफांवर ओतून ठेवलें, आणि त्याचा उपयोग किती झाला तें पहा. 'सांतिस्सिमु साक्रामेंतु' नांवाचें जहाज १६४७ सालीं गोव्याहून पोर्तुगालास निघालें. त्यांत मकावच्या ओतशाळेच्या तोफा होत्या. आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर तें फुटलें. तीनशें तीस वर्षांनीं, १९७७ सालीं, पाणबुड्यांनीं त्यांतील सुमारें ४० कांशाच्या तोफा वर काढल्या. आणि एका तोफेवरील नांव व साल वाचून त्या कोणाच्या भट्टींतून निघाल्या हें सांगतां आलें. कागद पाण्यांत विरघळून गेले असते, धातु बोलली.

गोव्यांत सर्व ओतकाम राजाच्या गोदींतच होई असें मात्र समजूं नये. से कॅथीड्रलमधील 'सोन्याची घंटा' म्हणून जी जगप्रसिद्ध आहे, ती १६५२ सालीं कुंकळ्ळी गांवीं ओतली. आणि कुंकळ्ळीचे कारागीर धातुकामासाठीं आजहि नांवाजलेले आहेत. मोठी घंटा दूरवर वाहून नेणें कठीण. म्हणून युरोपांत फिरते ओतारी ख्रिस्तमंदिराच्या आवारांतच खड्डा खणून, तेथेंच भट्टी रचून घंटा ओतीत असत. वसई आणि गोवें यांच्यामध्यें जहाजांची येजा मात्र होती, आणि ओझ्याचें त्यांना भय नव्हतें. गोव्याच्या बॉं जेझुस मंदिराच्या दर्शनी भागाचा काळा दगड वसईहून नेलेला आहे. १५९४ ते १६०५ या काळांत तें मंदिर बांधलें गेलें. वसईचा दगड गोव्यास जाऊं शकला, तर गोव्याची घंटा वसईस येण्यास अडचण ती कसली?

घंटा कशी ओतीत हें थोडक्यांत सांगतों. कारण पुढील विवेचन त्यावरच अवलंबून आहे. प्रथम माती, शेण व भुसा यांचा गाभा घंटेच्या पोकळीच्या आकाराचा करावयाचा. त्यावर मातीचीच एक खोटी घंटा घडवावयाची, आणि तिच्या अंगावर मेणाचीं अक्षरें, आंकडे व चित्रें चिकटवावयाचीं. त्यावर बाहेरील सांच्याचे थर चढवून सर्व भाजलें म्हणजे मेण वितळतें व अक्षरांचा ठसा सांच्याच्या आंतल्या बाजूस उमटतो. मग बाहेरील सांचा उचलून खोटी घंटा फोडून टाकावयाची, सांचा पुन्हां गाभ्यावर बसवावयाचा, आणि दोहोंमध्यें उरलेल्या पोकळींत रस सोडावयाचा. रसांत साधारण चार भाग तांबें व एक भाग कथील असें मिश्रण असतें. आपल्याकडे देवालयांतील प्रत्येक घंटेला पंचधातूची म्हणण्याचा प्रघात आहे. युरोपीय पद्धतीच्या ओताऱ्याला दोनच धातु पुरत. यांत ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, मेणाचें चित्र प्रत्येक वेळीं हातानें घडवीत नसत. लांकडांत किंवा धातूंत कोरलेला एक ठसा कारखान्यांत असे, व त्यांतून मेणाचीं चित्रें पाडीत. एकाच ठशाचें चित्र दोन घंटांवर आढळलें, तर त्या एकाच ओतशाळेच्या बहिणी समजाव्या.

१७३७ सालीं मराठ्यांची मोहीम सुरू झाली. त्याच वर्षीं ठाणें व साष्टी गेली. १७३९ च्या आरंभीं माहीम, केळवें, तारापूर गेलें. फेब्रुवारींत वसईला वेढा पडला, आणि तीन महिन्यांच्या घनघोर युद्धानंतर १६ मे १७३९ रोजीं किल्ल्याच्या शरणागतीचे करार ठरले. पोर्तुगीज सैन्य सन्मानानें बाहेर पडलें. या मोहिमेचीं पत्रें पुण्याच्या पेशवे दप्तरांत आहेत. मोडी लिपींतील त्या हजारों रुमालांतून निवडलेले कागद रियासतकार सरदेसाई यांच्या देखरेखीखालीं १९३० ते १९३४ या काळांत ४५ खंडांत छापले गेले, ही महाराष्ट्रावर मोठीच उपकाराची गोष्ट झाली. पोर्तुगीज बाजूचे कागद गोव्याच्या दप्तरखान्यांत आहेत. त्याची स्थापना १५९५ सालची, व पहिला रक्षक इतिहासकार दियोगु द कोतु. दोन्ही पक्षांनीं कागद राखले, आणि मधल्या वसईचे मनोरे रिकामे झाले.

घंटा महाराष्ट्रभर गेल्या. लोक सरसकट सांगतात कीं, चिमाजीआप्पांनीं वसई जिंकून या घंटा देवालयांना वाहिल्या. या सांगण्यांत तथ्य आहे, पण त्याला सालांच्या कसोटीवर घासून पाहिलें पाहिजे.

नाशिकास पंचवटींत गोदावरीच्या कांठीं रामेश्वराचें देवालय आहे. तें सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनीं १७४७ सालीं बांधलें, म्हणून नारोशंकराचें देऊळ असेंच त्याला म्हणतात. प्राकाराच्या भिंतीवरील लहान मंडपांत जी मोठी घंटा टांगली आहे, तिच्यावर १७२१ हें साल आहे. आतां चिमाजीआप्पा १७४० च्या डिसेंबरांत वारले. म्हणजे हें देवालय उभें राहण्यापूर्वीं सहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. मेणवलीचें उदाहरण याहून बोलकें आहे. वाईजवळ कृष्णेच्या घाटावर, नाना फडणविसांच्या वाड्यालगत, दगडी मंडपांत जी घंटा आहे, तिच्या अंगावर बाल येशूला घेतलेली पवित्र मरिया आहे व १७०७ हें साल आहे. तिचें वजन सुमारें ६५० किलो सांगतात. नानांना मेणवलीची जमीन मिळाली १७६८ सालीं, आणि वाडा व घाट त्यानंतरचे. वसई पडली त्या वेळीं तर नानांचा जन्महि झालेला नव्हता. तो १७४२ चा. तेव्हां या दोन्ही घंटा वसईच्या प्रांतांतून निघाल्यावर प्रथम दुसरीकडे कोठें तरी होत्या, कोठारांत किंवा सरदारांच्या ताब्यांत होत्या, आणि नवें देवालय किंवा नवा घाट झाला तेव्हां तेथें आल्या, असाच निष्कर्ष निघतो. घंटा ही लुटींतील एक दिवसाची वस्तु नव्हती. सरकारी मालमत्तेसारखी ती जपली गेली, व योग्य ग्राहक मिळतांच दिली गेली. ओतशाळेच्या वहींत तिचा पहिला ग्राहक लिहिला गेला असेल, तर हा तिचा दुसरा ग्राहक म्हणावा.

भीमाशंकरास शनीच्या देवळापुढील घंटेवरहि पवित्र मरियेचें चित्र आहे, आणि तिचें साल अठराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांतील आहे. पालीच्या बल्लाळेश्वरास युरोपीय घडणीची घंटा आहे. तीहि चिमाजीआप्पांच्या वसई-साष्टीच्या विजयाशीं जोडली जाते. इतरत्रहि अशा घंटा आहेत, आणि अलीकडे वसईच्या दुर्गप्रेमी मंडळींनीं गांवोगांव फिरून त्यांचा शोध घेतला आहे, हें त्यांना भूषणावह आहे. येथें एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. यांतील प्रत्येक घंटेला 'वसई किल्ल्यांतील' म्हणणें बरोबर नव्हे. ठाण्यापासून डहाणूपर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यांतील सारा मुलूख या मोहिमेंत गेला, आणि १७४० सालीं चौलहि गेलें. या सर्व ठिकाणीं ख्रिस्तमंदिरें होतीं. 'वसईची घंटा' याचा अर्थ वसईच्या मोहिमेंत मिळालेली घंटा असा घ्यावा. एखाद्या घंटेनें कदाचित् मालाड-वांद्र्याच्या बाजूच्या आपल्या बांधवांना हांका मारल्या असतील. तिच्यावर आपण एकट्यानेंच हक्क सांगूं नये.

आतां सालांकडे पुन्हां पहा: १७०७, १७२१, आणि तिसरें दशक. हे आंकडे शांतपणें वाचले तर एक नवीच गोष्ट दिसूं लागते. आपल्या इतिहासांत सतराव्या शतकाचा उत्तरार्ध हा वसईच्या ऱ्हासाचा काळ म्हणून रंगविला जातो, आणि तें खोटें नाहीं. मेच्या महिन्यांतील १६१८ च्या भयंकर वादळानें देवळांचीं छपरें उडविलीं होतीं. १६७४ सालीं मस्कतच्या अरबांनीं उतरून तटाबाहेरील मंदिरें लुटलीं. १६९५ सालीं आलेल्या जेमेल्ली करेरी नांवाच्या इटालियन प्रवाशानें साथीमुळें शहराचा मोठा भाग ओस पडल्याचें लिहून ठेवलें आहे. व्यापार मुंबईकडे व सुरतेकडे वळला होता. अशा काळांत, वसई पडण्यापूर्वीं अवघीं दहा ते बत्तीस वर्षें, या प्रांतांतील लोक नव्या घंटा ओतवून घेत होते! घंटा स्वस्त नसते. सहाशें किलो कांसें म्हणजे त्या काळीं लहानसहान गांवाला पेलण्याजोगा खर्च नव्हे. अरबांनीं नेलेल्या किंवा तडा गेलेल्या घंटांच्या जागीं या आल्या असतील, नाहीं तर मनोरे वाढले म्हणून आल्या असतील. कोणत्याहि अर्थानें घेतलें तरी, ज्यांना इतिहासकार 'मावळती वसई' म्हणतात त्या वसईच्या भाविकांना आपण मावळत आहों असें वाटत नव्हतें. त्यांनीं पुढच्या शंभर वर्षांची तरतूद केली. माझ्या मतें या घंटांनीं दिलेली ही साक्ष कोणत्याहि प्रवासवर्णनापेक्षां मोलाची आहे. प्रवासी चार दिवस राहून काय दिसलें तें लिहितो. घंटेसाठीं पदरचे पैसे मोजणारा आपला भरंवसा लिहून ठेवतो.

ज्या प्रश्नावर आपल्या घराघरांत बोलणें होतें, त्याला मीं टाळूं इच्छीत नाहीं. कोणी म्हणतात, या घंटा परत मिळाव्या. कोणी म्हणतात, पवित्र तेलानें अभ्यंग केलेली घंटा दुसऱ्या देवतेपुढें वाजते हें मनाला लागतें. भावना समजण्याजोगी आहे. परंतु त्याबरोबर दोन गोष्टी लक्षांत घेतल्या पाहिजेत. पहिली ही कीं, पोर्तुगीज सत्तेनें या प्रांतांतील हिंदु देवालयें पाडलीं होतीं. निर्मळचें विमलेश्वराचें स्थान त्यांतलेंच, आणि मराठी अमलांत त्याचा पुन्हां जीर्णोद्धार झाला. अन्यायाची वही उघडली तर तिच्या दोन्ही बाजूंस नोंदी आहेत.

दुसरी गोष्ट ओतशाळेची आहे, आणि तिच्याकडे फारसें कोणी पाहिलेलें नाहीं. घंटेची धातु आणि तोफेची धातु या सख्ख्या बहिणी. तोफेच्या कांशांत दहांत एक भाग कथील असतें, घंटेच्या कांशांत त्याच्या दुप्पट. घंटेच्या मोडींत थोडें तांबें मिसळलें कीं तोफ ओतण्याजोगा रस तयार होतो. म्हणून युरोपांत शहर जिंकलें म्हणजे तेथील घंटांवर तोफखान्याच्या सरदाराचा हक्क, अशी जुनी रूढि होती. नागरिकांना दंड भरून आपल्याच घंटा सोडवून घ्याव्या लागत. फ्रान्समध्यें राज्यक्रांतीच्या वेळीं हजारों घंटा वितळवून नाणीं व तोफा केल्या. दुसऱ्या महायुद्धांत नाझी राजवटीनें जर्मनींतून व जिंकलेल्या देशांतून सुमारें पावणेदोन लक्ष घंटा उतरविल्या, आणि त्यांपैकीं बहुतेक भट्टींत गेल्या. त्या वितळविण्यापूर्वीं कित्येकींचीं टिपणें केलीं, छायाचित्रें घेतलीं, अक्षरांचे ठसे घेतले. तीं पत्रकें पुढें न्युरेंबर्गच्या संग्रहालयांत घंटांचें दप्तर म्हणून ठेवलीं आहेत. तेथें व्यवस्थित कागद आहेत, घंटा नाहींत.

१७३९ सालच्या मराठ्यांना तोफांची गरज नव्हती काय? होती, आणि फार होती. चांगल्या तोफांसाठीं त्यांना इंग्रजांकडे व खुद्द पोर्तुगीजांकडेहि हात पसरावे लागत. कांसें महाग होतें. तरीहि या घंटा भट्टींत न जातां देवालयांत गेल्या. त्यांच्या अंगावरील क्रूस किंवा मरियेची मूर्ति कोणी कानशीनें घासून काढली नाहीं; मेणवलीस ती आज दिसते, भीमाशंकरास दिसते. ज्यांनीं नेल्या त्यांनींच त्या राखल्या, असें मोकळ्या मनानें म्हटलें पाहिजे. नाशिकास तर नारोशंकराची घंटा गोदावरीच्या पुराचें मापच होऊन बसली आहे. महापूर आला कीं पाणी घंटेपर्यंत चढलें काय, हा प्रश्न नाशिककर विचारतात. आणि ज्या घंटा आपल्याच लोकांच्या हातीं राहिल्या त्यांचें तरी काय झालें? गोव्यांत १८३५ सालीं धर्मसंघ बंद केले गेले तेव्हां ऑगस्टिनियन मठाची प्रचंड घंटा अनाथ झाली. १८४१ सालीं ती आग्वादच्या किल्ल्यांतील दीपगृहावर गेली आणि १८७१ सालीं पणजीच्या निष्कलंक मातेच्या मंदिरावर चढली. मठाचा मनोरा मात्र पुढें ढांसळत राहिला. तिला कोणा शत्रूनें हलविली नव्हती.

राहतां राहिला आपल्या आजच्या मनोऱ्यांचा प्रश्न. ठाणें जिल्ह्यांतून २०१४ सालीं पालघर वेगळा झाला, त्यापूर्वीं १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला; कागदपत्रें एका कचेरींतून दुसऱ्या कचेरींत गेलीं. धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या वह्या आपण जिवापाड जपतों. परंतु घंटा केव्हां आणली, कोणी देणगी दिली, तडा गेल्यावर कोणत्या कारखान्यास मोडींत दिली, याचे हिशेब खर्चाच्या चोपड्यांत असतात, आणि त्या चोपड्या जुन्या झाल्या कीं रद्दींत जातात. त्या जाऊं देऊं नयेत. तरुण मंडळींनीं एका रविवारीं मनोऱ्यावर चढून एवढें करावें: तोंडाचा व्यास दोरीनें मोजावा, उंची मोजावी, लोळा मूळचा कीं बदललेला तें पहावें, आंत व बाहेर असलेलें प्रत्येक अक्षर, आंकडा व चिन्ह पातळ कागद लावून शिसपेन्सिलीनें घासून उतरवून घ्यावें. कारखान्याचें चिन्ह बहुधा खांद्याजवळ किंवा कमरेच्या पट्ट्यावर असतें. तें सांपडलें, तर परदेशीं पत्र लिहून त्या कारखान्याच्या वहींतून आपल्या धर्मग्रामाची नोंद मागवितां येते. वजनाचा अंदाज व्यासावरून येतो. एकाच घडणीच्या दोन घंटांपैकीं एकीचा व्यास दुप्पट असेल, तर तिचें वजन दुप्पट नव्हे, आठपट असतें. यासाठीं कोणा पंडिताची गरज नाहीं. कागद, पेन्सिल आणि धीर असला कीं झालें.

असेच ठसे देवस्थानच्या विश्वस्तांची रीतसर परवानगी घेऊन मेणवलीस, भीमाशंकरास व नाशिकास घ्यावे. मेणवलीची पवित्र मरिया आणि भीमाशंकरची पवित्र मरिया यांचे कागद शेजारीं शेजारीं मांडून पहावे: बाल येशूचा हात, मरियेच्या मुकुटाची कड, पायांखालील आकृति, उंची तसूतसूनें मोजून. दोन्ही चित्रें एकाच लांकडी ठशांतून निघालीं असतील, तर १७०७ ची घंटा व तिच्यानंतर वीस-एक वर्षांनीं ओतलेली घंटा या एकाच ओतशाळेच्या ठरतील, आणि त्या ओतशाळेच्या गिऱ्हाइकांच्या यादींतील पहिलीं दोन नांवें आपल्या हातीं येतील.